आश्वासनाची जागा

मी आयुष्यभर भाषणं लिहिली आणि एकही केलं नाही. सरपंचांचं लिहिलं, कंपनीच्या साहेबांचं लिहिलं, पंचायत समितीतल्या कुणाकुणाचं लिहिलं. एकदा तर मंडपवाल्याचं लिहिलं, कारण ठरलेले पाहुणे आलेच नाहीत, हार सुकायला लागले आणि खुर्चीत कुणाला तरी बसवणं भाग होतं. त्या मंडपवाल्याने ते इतकं झोकात वाचलं की पुढची दोन वर्षं गाव त्याला ‘अध्यक्ष’ म्हणत होतं. मी मात्र कायम पडद्यामागे. बाईमाणसाने हारांचं ताट धरायचं, नारळ आणून द्यायचा आणि आपलीच वाक्यं माईकवरून दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची.

आता शेजारपाजारची मुलं येतात. “आजी, पंधरा ऑगस्टचं भाषण लिहून द्या ना, तुम्हाला येतं म्हणे.” येतं तर. डोळे मिटून येतं. पण मी हाकलून लावते त्यांना. का हाकलते ते एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

आमची शाळा इंद्रायणीकाठच्या एका गावात होती. एकोणीसशे पासष्टच्या सुमारास मी तिथे लागले. बिऱ्हाड चिंचवडला, दोन खोल्यांचं. एस.टी. फाट्यावर सोडायची, तिथून मैलभर पायी. पहिल्या वर्षी त्या मैलात दोन्ही बाजूंना ज्वारी होती. मग एका बाजूला तारेचं कुंपण आलं, मग दुसऱ्या बाजूला आलं, आणि सत्तरचं दशक संपत आलं तोवर गावातले निम्मे बाप्ये त्याच कुंपणाच्या आत शिफ्टला जात होते. शाळेची घंटासुद्धा आम्ही कंपनीच्या भोंग्यावर लावलेली. भोंगा उशिरा वाजला की आमची प्रार्थना उशिरा व्हायची.

शाळा सातवीपर्यंत. चार खोल्या, पाच शिक्षक, त्यात बाई मी एकटी. आठवीला जायचं तर हायस्कूल पाच मैलांवर, आणि मधला सगळा रस्ता ट्रकांचा आणि शिफ्ट सुटलेल्या अनोळखी माणसांचा. मुलगे सायकलवर जायचे. मुली जायच्या नाहीत. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, हेही सांगते. आईबापांना विचारलं तर म्हणायचे, “बाई, रस्ता पाहताय न्हवं तुमी?” मी रोज त्याच रस्त्याने यायचे, मी काय बोलणार? सातवीच्या निकालादिवशी मुली पास व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी शेण गोळा करताना भेटायच्या. दरवर्षी. मला त्या निकालपत्रकावर सही करायचा राग यायचा. मी स्वतः सातवीच्या पुढे शिकले ती केवळ मामा शहरात होता म्हणून. मामा नसता तर मीही शेणच गोळा करत होते.

आता भाषणाचं. आमच्याकडे एक रीत होती आणि ती अख्ख्या गावाला ठाऊक होती. पाहुण्याचं भाषण शाळेने लिहायचं. पाहुण्यांना वेळ नसतो, आणि त्यांनी स्वतः लिहून आणलं की घोटाळा होतो. एका साहेबांनी लिहून आणलं होतं, त्यात आमच्या गावाला शेजारच्या गावाचं नाव. पोरं हसली, सरपंचांचं तोंड कडू झालं. तेव्हापासून मुख्याध्यापक गुरुजींनी ठरवलं, की आपल्या घरचं कार्य आहे, शिधा आपलाच वापरायचा. आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण मला येत होतं आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

शिकले मी हळूहळू. संबोधनात चूक झाली तर पुढचं भाषण अमृतात बुडवून लिहा, उपयोग नाही. सरपंच आधी की साहेब आधी, यावर आमच्याकडे एक वर्ष स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत भांडण झालं. मग गावाचं कौतुक करायचं, त्यात नदी यायलाच हवी. मुलांना उपदेश तीनच वाक्यांचा, चौथ्या वाक्याला पोरं खाजवायला लागतात. वाक्य तेवढंच लांब, जेवढा वाचणाऱ्याचा श्वास. आमचे नेहमीचे साहेब जाडे होते, त्यांना आठ-नऊ शब्दांचीच वाक्यं चालायची. शिवाय त्यांना स्टेजवर चष्मा लावायला आवडत नसे, म्हणून पक्की प्रत मोठ्या अक्षरात, बोरूसारखी ठळक. आणि जिथे लोक टाळ्या वाजवणार तिथे वाक्याखाली बोटभर जागा कोरी सोडायची, म्हणजे साहेब तिथे थांबतील आणि टाळ्यांवरून गाडी दामटणार नाहीत. या कोऱ्या जागेला आम्ही ‘टाळ्यांची जागा’ म्हणायचो.

आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आश्वासनाची जागा. पाहुणा आला की त्याने काहीतरी कबूल करायचं असतं, नाहीतर लोकांना जेवणात मीठ नसल्यासारखं वाटतं. तिथे गुरुजींनी मला एक वाक्य घालून दिलं होतं: ‘शाळेच्या उन्नतीसाठी आम्ही सदैव पाठीशी राहू.’ गुरुजी जुन्नरकडचे, मोजकं बोलणारे. मी सांगते त्या वर्षी त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. मला म्हणाले होते, “बाई, आश्वासन असं लिहायचं, की उद्या कुणी त्याला हात घातला तर हाताला काही लागू नये.” बारा-तेरा वर्षं मी ते वाक्य इमानाने लिहिलं. बारा-तेरा वर्षं त्यावर टाळ्या पडल्या.

पक्की प्रत मी लिहीत नसे. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. शाळेत ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडून लिहून घ्यायची. त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. तिचे वडील कंपनीत फौंड्रीत. मुलगी वर्गात पहिली, पण नुसती पहिली म्हणून नव्हे. तिला वाक्याची चव कळायची. मी मजकूर सांगायचे आणि ती मान वर न करता लिहायची. मधेच थांबून म्हणायची, “बाई, इथं साहेबांचा श्वास संपंल.” बरोबर असायचं तिचं. मी वाक्य तोडायचे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला असं सांगणारं माणूस ते एकच भेटलं, आणि ते तेरा वर्षांचं होतं.

तिच्यासाठी मी वडिलांच्या मागे दीड वर्ष लागले होते. त्यांची बहीण तळेगाव दाभाड्याला, तिच्या घराजवळच मुलींना घेणारी शाळा. म्हटलं, तिकडे ठेवा. ते आधी नुसती मान हलवायचे. मग एकदा म्हणाले, “बाई, माझी बहीण हाय म्हना, पर घर तिच्या सासऱ्याचं हाय.” मीही चिवट. शेवटी दिवाळीला ते तळेगावला जाऊन आले आणि शाळेत येऊन सांगून गेले, “झालं ठरलं. जूनपास्नं ठेवून घ्यायची म्हनली.” त्या दिवशी मी घरी जाऊन गोड केलं. घरातल्यांनी विचारलं, आज काय? मी म्हटलं, एक सुटली.

एक सुटली. बाकीच्या चार जणी वर्गात बसल्याच होत्या. त्यांना ना आत्या, ना मामा. इथेच माझी बुद्धी फिरली.

फेब्रुवारीत बक्षीस समारंभ. पाहुणे तेच जाडे साहेब. मी मजकूर सांगत होते, मुलगी लिहीत होती. संबोधन झालं, नदी झाली, उपदेश झाला. आश्वासनाच्या जागेवर आले आणि ते ‘सदैव पाठीशी’ माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हटलं, लिही: ‘पुढच्या जूनपासून याच शाळेत आठवीचा वर्ग सुरू होईल. त्यासाठी लागणारी खोली आमची कंपनी बांधून देईल.’

मुलीने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. दोन वाक्यं लिहिली, दोन्ही साहेबांच्या श्वासात बसणारी, आणि खाली बोटभर नव्हे, दोन बोटं जागा सोडली.

माझा हिशेब सरळ होता. सगळ्या गावासमोर, सरपंचांसमोर, माईकवर माणूस एकदा बोलला की त्याला ते पाळावं लागतं. शब्द तोंडातून गेला की गेला. चाळिशीतली शिकलेली बाई मी, आणि माझी अशी समजूत होती. गुरुजींनी प्रत वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. “बाई, हे कुणाशी बोललात का?” मी म्हटलं, “बोलले की कधीच काही होत नाही. आता ते बोलतील, मग होईल.” गुरुजींनी प्रत पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “मला चार मुलींची तोंडं दिसतायत, म्हणून मी खोडत नाही.” एवढंच. मला वाटलं, जिंकले मी.

प्रत साहेबांकडे कशी जायची तेही सांगते. मुलीचे वडील फर्स्ट शिफ्टला जाताना डब्याच्या पिशवीत घालून न्यायचे आणि गेटवर ऑफिसच्या शिपायाकडे द्यायचे. त्या वर्षीही त्यांनीच नेली.

समारंभ झाला. साहेब आले, हार घातले, माझं ताट रिकामं झालं, मी पडद्यामागे गेले. साहेबांनी वाचायला सुरुवात केली आणि माझे ओठ त्यांच्याबरोबर हलायला लागले. ते वाक्य जवळ आलं. मला वाटलं, गाळतील. नाही गाळलं. जसं नदीचं कौतुक वाचलं तसंच वाचलं, तोच आवाज, तीच चाल. दोन बोटं जागा दिसली म्हणून थांबले. आणि टाळ्या पडल्या. मी इतक्या वर्षांत तशा टाळ्या ऐकल्या नव्हत्या. बायकांच्या बाजूने आल्या त्या. एरवी बायका टाळ्या वाजवत नाहीत, पदरात हात घेऊन बसतात. साहेबसुद्धा चमकले आणि कागदाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

जाताना ते मला म्हणाले, “बाई, टाळ्या कुठे पडणार ते तुम्हाला बरोबर कळतं हं.” मी वेडी, मी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला.

मार्चभर काही हालचाल नाही. खोलीसाठी चुना टाकायला कुणी आलं नाही, माप घ्यायला कुणी आलं नाही. एप्रिलमध्ये मी अर्ज लिहिला, सोबत भाषणाची नक्कल जोडली आणि कंपनीच्या गेटवर गेले. बाकड्यावर तासभर बसवलं, मग आत बोलावलं. साहेब भला माणूस, उगाच खोटं बोलणार नाही मी. चहा दिला कपबशीतून. अर्ज वाचला, नक्कल वाचली, आणि माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाले,

“पण बाई, हे तुम्हीच लिहिलं होतं ना?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“मला वाटलं, आमच्यातल्या कुणी तुमच्याशी ठरवलं असेल. मला न सांगता पुष्कळ गोष्टी ठरतात इथे. म्हणून मी वाचलं.” मग म्हणाले, आठवीचा वर्ग काढणं हे सरकारचं काम, परवानगी आणा, मग खोलीचं बघता येईल. मी पुण्याला झेडपीच्या ऑफिसात गेले. तिथले म्हणाले, खोली कुठाय? खोली दाखवा, मग परवानगीचं बघता येईल. मी दोन्हीकडे दोन-दोन खेपा घातल्या. चपला झिजल्या, दुसरं काही नाही.

आता जे सांगायचं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. एप्रिलच्या शेवटी मला कळून चुकलं होतं, की जूनमध्ये आठवी निघत नाही. स्वच्छ कळलं होतं. आणि त्याच सुमारास फाट्यावर त्या मुलीचे वडील भेटले. सेकंड शिफ्टला निघाले होते, घाईत होते, पण थांबले. खुशीत म्हणाले, “बाई, तळेगावला न्हाई म्हनून कळवलं. बहिनीच्या जिवाला उगा घोर. आता गावातच आठवी हाय म्हनल्यावर कशाला?”

तेव्हाच तोंड उघडायचं होतं. चार शब्द पुरले असते. ‘थांबा, तसं करू नका.’ चारच. सगळ्या गावाला भाषणं लिहून देणारी मी, मला ते चार शब्द सुचले नाहीत. खरं म्हणजे सुचले. बोलले नाही. कारण बोलले असते तर कबूल करावं लागलं असतं, की ते साहेबांचं बोलणं नव्हतं, माझं होतं, आणि माझ्या पाठीमागे कुणी नव्हतं. मी म्हटलं, “बघू, अर्ज दिलाय.” ते म्हणाले, “व्हय, व्हय,” आणि गेटकडे पळाले. मी मनाची समजूत घातली, अजून दीड महिना आहे, काहीतरी होईल. आणि मे महिन्यात मी माहेरी गेले. आंबे खाल्ले. खाल्ले, खोटं कशाला सांगू.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी पाच मुली व्हरांड्यात उभ्या. तेल लावून वेण्या घातलेल्या, नव्या वह्या. ती सगळ्यांच्या पुढे. म्हणाली, “बाई, आम्ही कुठल्या खोलीत बसायचं?”

मी त्यांना सातवीच्या वर्गात मागे बसवलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. थर्ड शिफ्ट करून थेट आले होते, डोळे लाल, फौंड्रीची काळी पूड कानांमागे तशीच. गुरुजींच्या टेबलासमोर उभे राहिले, बसले नाहीत. गुरुजींनी त्यांना सगळं सांगितलं. अगदी सरळ, मला वाचवायला काही लपवलं नाही की माझ्यावर काही ढकललं नाही. ते ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

“साहेबाचं सोडा वो. साहेब लोक बोलत्यात, पुन्हा इसरत्यात, ते आमाला ठावं हाय. साहेबावर कोन भरवसा ठेवतंय? पोरगी घरी येऊन म्हनली, दादा, हे बाईंनी लिवलंय. म्हनून मी तळेगावला ‘न्हाई’ म्हनून कळवलं.”

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. तळेगावला त्यांनी त्याच आठवड्यात पुन्हा विचारून पाहिलं. बहिणीने आपल्या दिराची मुलगी ठेवून घेतली होती. घर तिच्या सासऱ्याचं.

मी मग जिद्दीला पेटले. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात त्या पाचजणींना आठवी शिकवायला लागले. आठवीची पुस्तकं चिंचवडहून मागून आणली. बीजगणित मला स्वतःला येत नव्हतं, घरी बसून शिकले आणि दुसऱ्या दिवशी शिकवलं. श्रावणात दोघी कमी झाल्या. विस्तार अधिकारी तपासणीला आले, विचारलं, या मुली कोण, यांची नावं हजेरीपटावर का नाहीत. गुरुजी म्हणाले, “पाहुण्या आहेत.” अधिकारी हसले नाहीत. म्हणाले, परीक्षा कुठली देणार या, दाखला कोण देणार? त्यांचं काय चुकलं? आणि ती मुलगी तिथे बसून ऐकत होती. दसऱ्यापर्यंत तिघी राहिल्या, दिवाळीनंतर ती एकटी. मग एक दिवस तीही नाही. मी घरी गेले नाही बोलवायला. कुठल्या तोंडाने जाणार? आमच्यात म्हणतात, बोलाचीच कढी. मी ती वाढली होती आणि पोरगी वर्षभर ताट धरून बसली होती.

गुरुजी निवृत्त झाले. ‘मी सांगितलं होतं’ असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या निरोपाचं भाषण मीच लिहिलं, वाचलं सरपंचांनी.

मुलीचं लग्न झालं. निघोज्याला दिली. मला पत्रिका आली, मी गेले नाही. पेढे आणि खण घरच्या माणसाबरोबर पाठवले.

ऐंशी साल उलटून गेलं तरी आठवीचा वर्ग नव्हता. साहेब बदलले होते, नवे साहेब सडपातळ होते, त्यांना लांब वाक्यं चालायची. जानेवारीत मी रिकाम्या वर्गात बसून सव्वीस जानेवारीचं भाषण लिहीत होते. आणि दारात ती. बाळंतपणाला माहेरी आली होती, मूल तीन महिन्यांचं. सतरा-अठरा वर्षांची असेल. अंगाने भरली होती. मी चटकन उठले आणि मग कशाला उठले ते मलाच कळेना.

“बसा बाई,” ती म्हणाली. “इकडनं चालले व्हते. दिवा दिसला, म्हनलं बघावं.” ढगाळ दुपार होती, मी बल्ब लावला होता. तिने मूल बाकावर निजवलं, दुपट्याची कड त्याच्या अंगाखाली खोचली आणि टेबलावरचा कागद पाहिला. “अजून कोंबडीचेच पाय काढता की वो.”

मी हसले. किती दिवसांनी हसले. म्हटलं, आता चांगल्या अक्षराचं कुणी नाही शाळेत. ती म्हणाली, “आना इकडं. सांगा तुमी, मी लिवते.” पूर्वी ती ‘लिहिते’ म्हणायची. मी मुद्दाम तसं शिकवलं होतं.

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. अक्षर तेच, ठळक, सरळ, एक काना इकडचा तिकडे नाही. मला आतून भरून आलं, की हे अक्षर आता कुणाच्या कामाचं. संबोधन झालं, नदी झाली, उपदेश झाला. मधे एकदा थांबून तिने विचारलं, साहेबांचा श्वास केवढा. मी म्हटलं, मोठा आहे. मग तिने वाक्य तोडलं नाही.

आश्वासनाच्या जागी मी गुरुजींचं वाक्य सांगितलं. ‘शाळेच्या उन्नतीसाठी आम्ही सदैव पाठीशी राहू.’ तिचा हात थांबला. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, तेव्हा पाहिलं होतं तसंच. मला वाटलं, आता विचारील. मी तयार होते. माफी मागायचे शब्द माझ्याकडे चार वर्षं तयार होते, पाठ होते, श्वासात बसतील असे तोडलेले होते.

ती म्हणाली, “हे बरं केलं बाई तुमी. हे ऐकून कुनी घरी जाऊन काय सांगायचं न्हाई.”

रागाने नाही म्हणाली. चांगलं वाक्य सापडलं की म्हणायची, तसंच म्हणाली. माझे पाठ केलेले शब्द तोंडातच राहिले. बाकावर मूल चुळबुळलं, तिने डाव्या हाताने त्याला थोपटलं आणि उजव्या हाताने वाक्य पुरं केलं.

“टाळ्यांची जागा सोडू?”

“सोड,” मी म्हटलं.

तिने बोटभर जागा सोडली आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत बसली.